रिमफायर काडतुसांची टंचाई आणि चढ्या दराची पुनर्विक्री : महाराष्ट्रातील नेमबाजीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

रायफल व पिस्तूल नेमबाजीतील अनेक स्पर्धा .२२ रिमफायर काडतुसांवर अवलंबून आहेत. या काडतुसांचा पुरवठा जगभर मोजक्या कारखान्यांच्या हाती असून भारतात त्यांची खरेदी, साठवण व हस्तांतरण शस्त्र अधिनियमाने नियंत्रित केले आहे. त्यामुळे टंचाईच्या काळात त्यांचे दर वाढतात, आणि गुणवत्ता असूनही ग्रामीण व मध्यमवर्गीय खेळाडू मागे पडण्याचा धोका निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या टंचाईची तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर कारणे स्पष्ट केली असून महाविद्यालयीन पातळीवर योजता येण्याजोग्या उपायांची चर्चा केली आहे.

बीजशब्द : रिमफायर काडतूस, नेमबाजी, टंचाई, साठेबाजी, पुनर्विक्री, शस्त्र अधिनियम, राष्ट्रीय छात्रसेना.

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. १९५२ साली खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लाभले. तत्पूर्वी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंत हिने ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात, तर २०१३ मध्ये चांगवोन येथील विश्वचषक स्पर्धेत राही सरनोबत हिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकाविले होते. हे तिन्ही खेळाडू कोल्हापूरचे आणि तिघांचेही यश .२२ रिमफायर काडतुसाशी निगडित, हा योगायोग लक्षणीय आहे. पॅरिस ऑलिम्पिकमधील नेमबाजीच्या एकूण १५ स्पर्धांपैकी चार स्पर्धा याच काडतुसाने खेळल्या गेल्या.

पदकांची चर्चा होते, त्यामागील काडतुसांची चर्चा सहसा होत नाही. क्रिकेटची बॅट किंवा कुस्तीची माती पुन्हा पुन्हा वापरता येते. नेमबाजाचे साहित्य मात्र प्रत्येक नेमाबरोबर खर्ची पडते. म्हणूनच काडतूस मिळणे, वेळेवर मिळणे आणि परवडणाऱ्या दरात मिळणे या तीन बाबींवर या खेळातील समान संधीचा प्रश्न अवलंबून आहे. वर्धा, सावंगी (मेघे) यांसारख्या शैक्षणिक केंद्रांत राष्ट्रीय छात्रसेनेच्या माध्यमातून अनेक विद्यार्थी प्रथमच .२२ रायफल हाती घेतात. त्यांच्यापैकी एखाद्याला हा खेळ पुढे न्यावासा वाटला तर त्याला कोणत्या अडचणींना तोंड द्यावे लागते, हे अध्यापकवर्गाने समजून घेणे आवश्यक आहे.

रिमफायर काडतुसाचे स्वरूप

काडतुसाचे चार भाग असतात : धातूची पुंगळी, आघाताने पेट घेणारे प्रस्फोटक, दारू आणि शिशाची गोळी. सेंटरफायर काडतुसात प्रस्फोटक पुंगळीच्या तळाशी मध्यभागी बसविलेल्या स्वतंत्र टोपीत असते. रिमफायर काडतुसात अशी टोपी नसते. पुंगळीच्या तळाची कड आतून पोकळ ठेवून त्या पोकळीत प्रस्फोटक पसरविलेले असते आणि घोडा ओढल्यावर फायरिंग पिन या कडेवर आघात करते. आज सर्वत्र वापरात असलेले .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत प्रचारात आले. त्याचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर असून गोळीचे वजन साधारणतः ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते.

या रचनेचे दोन परिणाम टंचाईच्या संदर्भात महत्त्वाचे ठरतात. पहिला असा की, कडेवर आघात होऊन पुंगळी चेपली जात असल्यामुळे ती व्यवहारतः पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायर काडतुसांच्या बाबतीत काही देशांतील खेळाडू वापरलेल्या पुंगळ्या कायद्याच्या चौकटीत पुन्हा भरून घेतात. रिमफायरच्या बाबतीत ही वाट बंद आहे. दुसरा परिणाम उत्पादनाशी संबंधित आहे. अरुंद कडेत संवेदनशील प्रस्फोटक समप्रमाणात भरणे हे नाजूक काम असून त्यासाठी वेगळी यंत्रसामग्री व अनुभवी कामगार लागतात. मागणी वाढली म्हणून काही महिन्यांत नवे उत्पादन उभे करणे त्यामुळे शक्य होत नाही.

याशिवाय स्पर्धेच्या दर्जाच्या काडतुसांबाबत आणखी एक मर्यादा आहे. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यफलकावरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. एवढ्या सूक्ष्म लक्ष्यासाठी प्रत्येक काडतुसाचा वेग व वागणूक एकसारखी असावी लागते. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर तयार झालेल्या दोन निरनिराळ्या लॉटमध्येही फरक आढळतो आणि विशिष्ट नळीला विशिष्ट लॉट मानवतो. म्हणून अग्रगण्य नेमबाज निरनिराळ्या लॉटची चाचणी घेऊन आपल्या रायफलला अनुकूल लॉट एकदम मोठ्या प्रमाणात घेऊन ठेवतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची एली, जर्मनीतील शोनेबेक येथे रिमफायर काडतुसे तयार करणारी लापुआ आणि जर्मनीचीच आरडब्ल्यूएस या नाममुद्रा या क्षेत्रात प्रामुख्याने वापरल्या जातात. जगभरच्या नेमबाजांची मागणी अशा मोजक्या उत्पादकांकडे एकवटलेली आहे.

गरजेचे गणित

थ्री पोझिशन प्रकाराच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून प्रत्येकी २० याप्रमाणे ६० नेम असतात. चाचणी नेम वेगळे. एखाद्या खेळाडूने आठवड्यातून केवळ चार दिवस, दररोज एका फेरीएवढा म्हणजे ६० नेमांचा सराव केला, आणि वर्षातील ५० आठवडे तो सातत्याने केला, तर त्याला १२,००० काडतुसे लागतात. हा हिशेब बेताचाच आहे. यावरून दरवाढीचा भार किती होतो ते कळते. काडतुसामागे एक रुपया वाढला तर वर्षाच्या खर्चात बारा हजार रुपयांची भर पडते, दहा रुपये वाढले तर एक लाख वीस हजारांची. शेतकरी किंवा निम्नवेतनी कुटुंबातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने खेळ चालू ठेवणे अथवा सोडून देणे याचा निर्णय या फरकावर होऊ शकतो.

टंचाईचा जागतिक अनुभव

रिमफायर टंचाईचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउन येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर शस्त्रविषयक कायदे कडक होतील या अपेक्षेने नागरिकांनी काडतुसांची प्रचंड खरेदी सुरू केली. कारखाने पूर्ण क्षमतेने चालूनही .२२ काडतुसे पुढील तीन-चार वर्षे दुकानांत सहजासहजी मिळेनाशी झाली. मोठ्या दुकानांनी प्रत्येक ग्राहकाला ठरावीक खोकीच देण्याचे बंधन घातले. तरीही पहाटेपासून रांगा लावून मूळ दराने माल उचलायचा आणि तोच दुप्पट-तिप्पट दराने विकायचा, असा व्यवसाय काही मंडळींनी उभा केला. २०२० च्या साथीच्या काळात याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली.

या अनुभवातून टंचाईचे चक्र कसे चालते याचा उलगडा होतो. पुरवठा थोडा घटतो किंवा घटेल अशी वदंता पसरते. पुढे माल मिळेल की नाही याची खात्री नसल्याने सामान्य ग्राहक गरजेपेक्षा अधिक घेतो. त्यामुळे खरोखर टंचाई निर्माण होते, दर वाढतात आणि वाढत्या दराकडे पाहून केवळ विक्रीसाठी खरेदी करणारे बाजारात उतरतात. उत्पादक मात्र ही मागणी तात्पुरती आहे हे ओळखून नव्या यंत्रांत भांडवल गुंतविण्यास कचरतात. म्हणजेच मालाची कमतरता हे चक्राचे निमित्त असते, तर अनिश्चितता हे त्याचे इंधन असते. खेळाडूने आपल्या नळीला मानवणारा लॉट वर्षभरासाठी राखून ठेवणे ही साठवण होय. विकण्याच्या हेतूने माल अडवून धरणे ही साठेबाजी होय. उपाय योजताना हा भेद नजरेआड करून चालत नाही.

भारतातील कायदेशीर चौकट

अमेरिकेतील खुल्या पुनर्विक्रीची स्थिती भारताला जशीच्या तशी लागू होत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार अग्निशस्त्र व दारूगोळा बाळगण्यासाठी परवाना आवश्यक आहे. कलम ५ नुसार विक्री व हस्तांतरणासाठी आणि कलम १० नुसार आयातीसाठी परवाना लागतो. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीररीत्या बाळगलेला दारूगोळा दुसऱ्या पात्र व्यक्तीस देण्याची मुभा कलम ५ मध्ये आहे. परंतु त्यासाठी जिल्हादंडाधिकारी अथवा नजीकच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास खरेदीदाराचे नाव व पत्ता लेखी कळवून ४५ दिवस उलटावे लागतात. ही पूर्तता न करता ‘मित्राला दोन खोकी दिली’ असे म्हणणे नफा न घेताही गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकते. कलम २५ मध्ये त्याबद्दल शिक्षेची तरतूद आहे. टंचाईच्या काळात नवख्या खेळाडूंकडून व पालकांकडून नेमकी हीच चूक होण्याचा संभव असतो.

खरेदीच्या प्रमाणावरही मर्यादा आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नेमबाजांच्या निरनिराळ्या वर्गांसाठी काडतुसांचे वार्षिक प्रमाण निश्चित केले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे हे प्रमाण वाढविले. संबंधित वर्गातील नेमबाजांसाठी .२२ काडतुसांची वार्षिक मर्यादा १,००० वरून ५,००० करण्यात आली. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी वर मांडलेल्या १२,००० च्या हिशेबाशी तिची तुलना केल्यास उदयोन्मुख खेळाडूला स्वतःच्या परवान्याखेरीज क्लब व संघटनेच्या साठ्यावर अवलंबून राहावे लागते, हे स्पष्ट होते.

दराच्या बाबतीत मात्र कायदा बराचसा मौन आहे. अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या अनुसूचीत काडतुसांचा समावेश नाही. त्यामुळे औषधांप्रमाणे त्यांची कमाल किंमत सरकार ठरवीत नाही. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दर घेता येत नाही, परंतु ती किंमत मुळात किती असावी यावर बंधन नाही. परिणामी ग्राहकांची संख्या परवान्यामुळे मर्यादित, विक्रेते मोजके आणि माल आयातीचा, अशी बाजारपेठ तयार होते. अशा बाजारपेठेत मध्यस्थाची सौदाशक्ती आपोआप वाढते.

विदर्भाच्या संदर्भात एक विसंगती येथे नोंदविणे अगत्याचे आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांत आयुधनिर्माणी आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन जी सात कंपन्या स्थापन झाल्या, त्यांतील म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यात आहे. दारूगोळ्याच्या उत्पादनाची एवढी मोठी परंपरा लाभलेल्या राज्यात स्पर्धेच्या दर्जाचे रिमफायर काडतूस मात्र प्रामुख्याने युरोपातून येते. संरक्षणाची गरज आणि क्रीडाक्षेत्राची गरज यांचे स्वरूप भिन्न असल्याने हे घडते. लष्कराला रिमफायरची गरज अल्प असते, आणि केवळ खेळाडूंची मागणी मोठा कारखाना चालविण्याइतकी नसते.

वर्ध्याचा एक तुलनीय अनुभव

नियंत्रित वस्तूच्या टंचाईत काय करता येते, याचे एक उदाहरण वर्धा जिल्ह्याने वेगळ्या क्षेत्रात अनुभवले आहे. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिविर इंजेक्शनची तीव्र टंचाई निर्माण झाली व ठिकठिकाणी काळाबाजार उघडकीस आला. ११ एप्रिल रोजी केंद्र सरकारने निर्यात थांबविली, १७ एप्रिल रोजी उत्पादकांनी कमी केलेले दर जाहीर झाले आणि राज्यात वाटपाचे नियंत्रण जिल्हा प्रशासनाकडे सोपविण्यात आले. मे महिन्यात वर्ध्यातील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत त्याचे उत्पादन सुरू झाले.

प्राणरक्षक औषध आणि खेळाचे साहित्य यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. तथापि या घटनाक्रमातून उपायांचे तीन पदर वेगळे करता येतात : दराची मर्यादा, वाटपाची नोंद आणि नवा पुरवठा. केवळ दर बांधून दिल्याने माल उपलब्ध होत नाही. कोणाला किती मिळाले याची नोंद नसेल तर स्वस्त माल काळ्या बाजाराकडे वळतो. आणि नवा पुरवठा उभा राहीपर्यंतचा काळ वाटपाच्या शिस्तीवरच काढावा लागतो. काडतुसांच्या बाबतीत पहिला व तिसरा पदर महाविद्यालयाच्या हाती नाही. दुसरा पदर मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे.

महाविद्यालयीन पातळीवरील उपाय

१. वार्षिक मागणीचा अंदाज : खेळाडूंची संख्या, स्पर्धांचे वेळापत्रक व आठवड्याचा सराव यांवरून वर्षाच्या प्रारंभीच काडतुसांचा अंदाज तयार करून तो जिल्हा व राज्य रायफल संघटनेकडे पाठवावा. ऐन स्पर्धेच्या तोंडावर केलेली खरेदी नेहमीच महाग पडते. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते. या संघटनेच्या जाळ्यातून होणारी सामूहिक मागणी एकेकट्या खेळाडूच्या मागणीपेक्षा अधिक प्रभावी ठरते.

२. दर्जानुसार वापर : स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे निवडचाचणी व प्रत्यक्ष स्पर्धेसाठी राखून ठेवावीत. शारीरिक स्थिती, श्वासोच्छ्वास व घोडा ओढण्याचे तंत्र पक्के करण्यासाठी साध्या दर्जाची काडतुसे पुरेशी असतात. दोन प्रकारांत गोळीचा वेध बदलत असल्याने स्पर्धेपूर्वी मूळ लॉटवर पुन्हा जुळणी करण्याइतका अवधी ठेवावा.

३. काडतुसाविना सराव : कोऱ्या सरावात, ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात, नेमबाजीची बहुतांश कौशल्ये घडविता येतात. रिमफायर शस्त्राच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्यावी लागते. रिकाम्या नळीवर घोडा वारंवार सोडल्यास काही शस्त्रांत फायरिंग पिन नळीच्या कडेवर आदळून दोहोंची हानी होते. म्हणून उत्पादकाची सूचना पाहून अथवा सरावाचे निर्जीव काडतूस वापरूनच हा सराव करावा. नळीवर बसविलेल्या संवेदकाद्वारे नेमाची हालचाल संगणकाच्या पडद्यावर दाखविणारी साधनेही मिळतात. असे एक साधन अनेक विद्यार्थ्यांना मिळून वापरता येते.

४. एअर रायफलचा पाया : शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. दहा मीटर एअर रायफलचा पाया भक्कम करून निवडक विद्यार्थ्यांनाच पुढे .२२ प्रकाराकडे वळविल्यास उपलब्ध काडतुसे योग्य हाती पडतात.

५. नोंदवही व पुंगळ्यांचा हिशेब : लॉट क्रमांक, खरेदीचा दर, दिलेली काडतुसे, परत आलेल्या पुंगळ्या आणि न उडालेली काडतुसे यांची नोंद प्रत्येक सत्रानंतर करावी. राष्ट्रीय छात्रसेनेच्या गोळीबार सरावात पुंगळ्या मोजून परत घेण्याची शिस्त असते. वर्ध्याच्या २१ महाराष्ट्र बटालियनशी संलग्न महाविद्यालयांतील छात्रसेना अधिकाऱ्यांना ती परिचित आहे. तीच शिस्त क्रीडा विभागाने स्वीकारावी. छात्रसेनेचा दारूगोळा आणि क्रीडा संघाचा दारूगोळा यांची सरमिसळ मात्र कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. छात्रसैनिकांना शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ खाली मिळणारी सूट केवळ त्यांच्या कर्तव्यापुरती असते.

६. दराची पारदर्शकता : सामूहिक खरेदीत मूळ किंमत, कर, वाहतूक व अंतिम दर यांचा तपशील फलकावर लावावा. दराची माहिती सर्वांना असली की ‘कुठेच मिळत नाही, माझ्याकडेच आहे’ असे सांगून विकणाऱ्याचे बळ आपोआप घटते.

७. सुरक्षित साठवण : काडतुसे परवान्यातील अटींनुसार कुलूपबंद, कोरड्या व थंड जागी ठेवावीत. विदर्भातील उन्हाळा लक्षात घेता पत्र्याच्या छपराखालील खोली यासाठी टाळावी. एका सामायिक साठ्याची नीट निगा राखली गेली तर प्रत्येकाने धास्तीपोटी स्वतंत्र साठा करण्याचे कारण उरत नाही.

निष्कर्ष

रिमफायर काडतुसांची टंचाई तीन कारणांच्या संयोगातून उद्भवते. काडतुसाची रचना पुनर्वापरास व जलद उत्पादनवाढीस प्रतिकूल आहे. स्पर्धेच्या दर्जाचे उत्पादन मोजक्या परदेशी कारखान्यांत एकवटले आहे. आणि पुढील पुरवठ्याच्या अनिश्चिततेमुळे ग्राहकच साठा करू लागतात. भारतात परवाना पद्धतीमुळे खुल्या पुनर्विक्रीला आळा बसला असला तरी मर्यादित बाजारपेठेत चढ्या दराची शक्यता कायम राहते, आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी शोधलेली आडवाट खेळाडूला थेट फौजदारी कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते.

चढ्या दराने विकणाऱ्याचा निषेध करणे सोपे आहे. परंतु जोपर्यंत खेळाडूला पुढील महिन्याच्या काडतुसांची शाश्वती नाही, तोपर्यंत अशा विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळतच राहणार. ही शाश्वती अंदाज, सामूहिक मागणी, चोख नोंद आणि काडतुसांचा काटकसरीने वापर यांतून निर्माण करता येते. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा क्रीडाशिक्षक, छात्रसेना अधिकारी व प्राचार्य यांच्यातील समन्वयाची अधिक गरज आहे. दीर्घकालीन उपाय म्हणून स्पर्धेच्या दर्जाच्या रिमफायर काडतुसांचे देशांतर्गत उत्पादन आणि उदयोन्मुख नेमबाजांच्या वार्षिक मर्यादेचा पुनर्विचार या दोन बाबींकडे शासनाचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कांबळवाडीसारख्या लहानशा गावातील मुलगा ऑलिम्पिकच्या व्यासपीठापर्यंत पोहोचू शकतो, हे सिद्ध झालेले आहे. वर्धा जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याची वाटचाल केवळ काडतुसांच्या खोक्यावरील किमतीमुळे मध्येच थांबू नये, एवढी काळजी शिक्षणसंस्था निश्चितच घेऊ शकतात.